एकानं खाली राहायचं

आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. उभं आयुष्य लोकांना तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पोचवण्यात गेलं, आणि त्यातच कधीतरी त्याच्या मनानं घेतलं की आपण याच्याही वर जायचं. आमच्या घरात कुणी धड सायकल चालवलेली नाही. वडील तर रिकामा रस्तासुद्धा धावत ओलांडायचे. आणि याला विमान हवं होतं! बरं, तिकीट काढून बसायचं विमान नाही. बांधायचं होतं. घरी, स्वतःच्या हातानं.

मी त्याची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून माझं शिवणाचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत मी एकटी राहायचे. जेवायला मात्र रोज दादाकडे. जीभ पहिल्यापासून अशी, म्हणून दादानं मला टाचणी नाव ठेवलं, ते जन्माचं चिकटलं. आता दादा नाही. वहिनी लेकीकडे असते, तिला ऐकू कमी येतं. फोनवर मी ओरडते आणि ती "बरं, बरं" म्हणते. दुकान मी केव्हाच बंद केलं. पण कुठे ताजा रंग देत असले आणि तो गोडसर, डोकं धरणारा वास नाकात गेला, की मी आपली भर रस्त्यात उभी राहते. लोकांना वाटतं म्हातारीला चक्कर आली. चक्कर कसली, मी दादाच्या हॉलमध्ये पोचलेली असते.

विमानाचे नकाशे टपालानं आले, एका लांबलचक नळकांड्यातून. दादानं ते जेवणाच्या टेबलावर पसरले आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. वहिनी गरम भांडं फडक्यात धरून उभी.

"जेवायचं कुठे?"

"आजच्या दिवस हातात ताटं घेऊ या," दादा म्हणाला.

तो आजचा दिवस पुढे काही वर्षं चालला.

वहिनी बालवाडीत शिकवायची. दिवसभर एवढ्या एवढ्या पोरांशी बोलून तिला तीच सवय लागली होती. दादाशी, माझ्याशी, अगदी विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाशीसुद्धा ती तसंच बोलायची. हात धुतले का, आधी नीट ऐका, मग बोला. नकाशे बघून ती चिडली नाही की रडली नाही. तिनं दादाला समोर बसवलं आणि सांगितलं, "बांधा. पण मी या वस्तूला बोट लावणार नाही, आणि हिच्यात बसणार नाही."

"का पण?"

"आपल्याला एक लेक आहे. अजून तिला बुटाची नाडी बांधता येत नाही. आईबाप दोघांनी एका वेळी जीव धोक्यात घालायचा नसतो. तुम्हाला वर जायचंय, जा, मी अडवणार नाही. पण एकानं खाली राहायचं."

दादानं मान हलवली. पण नकाशा दोन सीटचा होता, शेजारी शेजारी, आणि तो त्यानं बदलला नाही. मी एकदा डिवचलंच त्याला. म्हटलं, "बसणारं माणूस नाही म्हणतंय, तर दुसरी सीट कशाला? एका सीटचं बांध, तुझाही त्रास वाचेल आणि आमचाही."

"ती आज नाही म्हणतेय म्हणून सीटच ठेवली नाही, तर हो म्हणेल तेव्हा बसवू कुठे? पंखावर?"

तेव्हा मला कळलं पाणी कुठे मुरतंय ते. विमान उडेल की नाही याचा त्याला घोर नव्हता. ते तो उडवणारच होता, मेला हट्टी. वहिनी त्याच्या शेजारी येऊन बसते की नाही, यावर त्याचा सगळा जीव अडकला होता. आणि हे वहिनीलाही चांगलं ठाऊक होतं. म्हणून ती विषय निघाला की उठून भांडी आवरायला जायची.

पंखाच्या आत लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या बरगड्या असतात. त्या दादानं स्वयंपाकघरात एकेक करून चिकटवल्या. गोंद वाळेपर्यंत पट्ट्या दाबून धरायला त्यानं घरातले सगळे कपड्यांचे चिमटे पळवले. मग काय, वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या अंगणात. शेजारी बिचारे घडी घालून आणून द्यायचे आणि दारातूनच विचारायचे, "कपडे तर उडाले, विमान कधी?" लोखंडी नळ्यांचा सांगाडा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला. वेल्डिंग शिकताना दादानं एक भुवई जाळून घेतली, आणि ती परत येईपर्यंत त्याच्याकडे बघितलं की वाटायचं, याला कसलं तरी आश्चर्य वाटतंय. हॉलमधला सोफा भिंतीला उभा लावला आणि त्या जागी पंख आला. लेक पंखाखाली सतरंजी टाकून अभ्यास करायची. पुढे कॉलेजात गेल्यावर ती तक्रार करायची की मला टेबलाशी बसून काही पाठच होत नाही.

पंखावर कापड चढवायची वेळ आली तेव्हा दादा माझ्या दुकानात आला. पांढऱ्या, गुळगुळीत कापडाचा तागा खांद्यावर, आणि चेहऱ्यावर तो लाडीगोडीचा भाव, जो लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ मागताना असायचा.

"टाचणे, उशीला अभ्रा शिवतेस ना? तसंच आहे. उशी जरा मोठी आहे."

जरा म्हणे! मशीनच्या मागे ते कापड ओढायला दोन खुर्च्या लावाव्या लागल्या. अभ्रा पंखावर चढवला की त्यावरून इस्त्री फिरवायची, मग कापड आकसतं आणि असं ताणतं की टिचकी मारली तर ढोलकी वाजावी. नंतर एकेका बरगडीला कापड दोऱ्यानं शिवून टाकायचं. त्यासाठी हातभर लांब सुई, आणि दोन माणसं. पंख कडेवर उभा करायचा, एकानं या बाजूनं सुई खुपसायची, दुसऱ्यानं त्या बाजूनं ओढून परत पाठवायची. एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसती सुई येते आणि जाते. त्या वेळी मी आणि दादा. रेडिओ चालू, मध्ये तो पंख, आणि दोन्ही बाजूंनी आमचं भांडण.

"हा टाका सैल आहे."

"दादा, मी जन्मभर हेच करतेय."

"तुझा झगा उसवला तर बाई ओरडत येते. हा उसवला तर मला ओरडायलासुद्धा वेळ मिळणार नाही. पुन्हा घाल."

घातला पुन्हा. काय करता? वरून त्या उग्र वासाच्या रंगाचे हात दिले, एकावर एक. आठवडाभर घरात जेवणाला, पाण्याला, उशीला तोच वास. वहिनी खिडक्या उघडायची आणि बोलायची काही नाही. त्यापेक्षा बोललेली परवडली असती. पण खरं सांगू? तसले दिवस पुन्हा आले नाहीत. चौघं जण एका पंखाभोवती अंग चोरून वावरत होतो, कुणाचं कोपर कुणाला लागत होतं, चहाच्या कपात लाकडाचा भुसा. तेव्हा वाटायचं कधी एकदा हे धूड घराबाहेर जातंय. ते गेलं, आणि हॉल इतका मोठा दिसायला लागला की मला तिथे बसवेना.

दादाच्या धंद्यात एक नियम होता. लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी तिला ज्याचा हात लागला त्यानं मारायची. मालकानं नाही, वॉचमननं नाही. "आपल्या कामावर आधी आपण उभं राहायचं, मग दुसऱ्याला चढ म्हणायचं," दादा सांगायचा. विमानालाही त्यानं हाच नियम लावला. फ्लाइंग क्लबात शिकून त्यानं परवाना घेतलाच होता. कायद्याप्रमाणे सुरुवातीची उड्डाणं चालवणाऱ्यानं एकट्यानं करायची असतात, ती त्यानं केली. ती संपली आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"मी?" मी म्हटलं. "माझा हात नाही लागला, माझी सुई लागली!"

ऐकतोय कोण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर काय दिसतं ते मला विचारू नका. पूर्ण वेळ मी खिडकीतून माझेच टाके बघत होते.

मग कितीतरी वर्षं आमच्या सुट्टीचा दिवस तिकडेच गेला. गावाबाहेर एक गवताची धावपट्टी होती, कडेला विमानं ठेवायची शेड, एक नळ, एक बाक. दादा आधी तासभर विमानाभोवती फिरायचा, प्रत्येक तार ओढून बघायचा, प्रत्येक खिळ्याला बोट लावायचा. दुसऱ्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेली वाळूची गोणी असायची. ती बरोबर वहिनीच्या वजनाची. का, तर उद्या ती बसली तर विमानाला नवल वाटायला नको! त्यासाठी तो अधूनमधून वहिनीला वजनकाट्यावर उभी करायचा. एकदा तर पाहुण्यांदेखत. काट्याकडे बघून म्हणाला, "अगं, गोणीत चार फुलपात्री वाळू वाढवायला हवी." त्या दिवशी जेवण मिळालं नाही कुणालाच.

वहिनी दर खेपेला यायची, हे मात्र सांगायला हवं. घरी थांबली नाही कधी. शेडच्या सावलीत बाकावर बसायची, थर्मास शेजारी, विणकाम मांडीवर. विमान वर गेलं की मान खाली. मी एकदा विचारलं, "वहिनी, बघत का नाहीस गं?"

"मी बघून का ते वर राहणार आहे?"

"भीती वाटते?"

"छे. भीती कसली? मोठा माणूस आहे तो."

पण माझं आयुष्य धाग्यात गेलंय, मला कोण फसवणार? दादा जमिनीवर असताना विणलेल्या ओळी मऊ, एकसारख्या. तो वर असतानाच्या ओळी इतक्या आवळलेल्या की सुई निघायची नाही. स्वेटर घालणाऱ्याला कळायचं नाही का मध्येच पोटाला काचतोय. दादा उतरला की लांबूनच हात हलवत यायचा, आज वारा कसा होता, नदी कशी चमकत होती, सगळं सांगायचा. ती त्याला चहा ओतून द्यायची आणि ऐकायची. "हो का? बरं झालं. टोपी कुठे टाकलीत?"

लेक मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. एक दिवस आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, दादा शेजारी पेपर वाचत होता. वहिनी मान वर न करता म्हणाली, "लेक आपल्या पायावर उभी राहिली. आता दोघं एकदम गेलो तरी चालेल."

दादानं पेपर खाली केला. "कुठे? मरायला?"

"उडायला म्हणाले मी."

मी दादाला तसं कधी बघितलं नाही, आधीही नाही आणि नंतरही. तो उठला, आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. मग आतून ओरडला, "अगं, माझे बूट कुठायत?" वहिनी हसून हसून मटार सांडते की काय असं झालं.

पण नशीब बघा. त्याच आठवड्यात वार्षिक तपासणी होती. विमानाची दर वर्षी तशी तपासणी करून घ्यावी लागते. तपासनीस भला माणूस, वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. त्याच्याकडे पेनासारखं एक अवजार असतं, ते कापडावर टेकवून दाबायचं. कापड धड असेल तर नुसतं दबतं. त्यानं डाव्या पंखावर दाबलं, आणि फट्कन ते आरपार गेलं. उन्हानं कापड कुजलं होतं. दुसरीकडे दाबलं, तिथेही तेच. माझं काम सडलेलं बघून मलाच कसंतरी झालं. तपासनीस म्हणाला, "सगळं उतरवून नवीन घालावं लागेल. तोवर उडायचं नाही." दादाचं तोंड एवढंसं झालं. वहिनीनं त्याची पाठ थोपटली. "इतकी वर्षं थांबलात ना? शहाणी मुलं आणखी थोडं थांबतात."

आणि तो पंख सोडवून उचलताना दादा मटकन गवतावर बसला. छातीवर हात, अंगाला दरदरून घाम. "काही नाही, पाणी दे," म्हणत होता. काही नाही कसलं? हृदयाचा झटका होता. दवाखान्यात आठवडा काढला. डॉक्टर म्हणाले, वाचलात यात समाधान माना. जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, आणि विमान विसरायचं. चालवायचं नाहीच, पण शेजारी बसूनसुद्धा वर जायचं नाही.

"सध्या का?" दादानं विचारलं.

"कायमचं," डॉक्टर म्हणाले.

मला डॉक्टरचा गळा धरावासा वाटला. त्यांची चूक नव्हती, तरी वाटला. जन्मभर ज्या होकाराची वाट बघितली तो पदरात पडला, आणि घेणारा हातच कामातून गेला. दादा घरी आला. क्लबातल्या पोरांनी कापड काढून आणून टाकलेले नागडे पंख हॉलमध्ये भिंतीला टेकून होते, आणि तो समोर खुर्चीत. बोलायचा नाही. रेडिओ लावायचा नाही. एकदा म्हणाला, "पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं तिला घेऊन वर जाऊन येतो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," वहिनी म्हणाली.

एका दुपारी बालवाडी सुटल्यावर ती सरळ माझ्या दुकानात आली. पर्स काउंटरवर ठेवली. म्हणाली, "ती लांब सुई कशी धरायची ते दाखव."

मी बघतच राहिले. जिनं त्या वस्तूला एवढ्या वर्षांत बोट लावलं नाही, ती!

"अशीच ठेवली तर तो त्या पंखांकडे बघत बघत संपेल," ती म्हणाली. "मला ते नकोय. दाखव."

मग पुन्हा तागा, पुन्हा मशीन, पुन्हा इस्त्री. पंख कडेवर उभा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी, आणि खुर्चीत दादा, उठायची बंदी असलेला. पहिल्या दिवशी तो नुसता बघत होता. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं. "गाठ उलटी पडतेय." मला इतका आनंद झाला सांगू, की मी भांडलेच नाही. वहिनी सावकाश काम करायची, पण एकदा कळलं की चुकायची नाही. आम्ही वेग धरला. आणि वेग धरला तिथेच घात झाला.

उजवा पंख शिवून संपवला. दोघींनी हात झटकले, चहा ठेवला. दादा म्हणाला, "टोकाकडची ती तार ओढा बघू. हळू." पंखाच्या पोटातून एक तार जाते, चालवणाऱ्यानं दांडा हलवला की तिच्यानं पंखाची मागची फळी वर-खाली होते, आणि विमान वळतं. वहिनीनं तार ओढली. दादानं डोळे मिटले होते.

"पुन्हा."

तिनं पुन्हा ओढली.

"कुठेतरी अडकतेय. केसाएवढी, पण अडकतेय."

मला काही जाणवलं नाही, शपथेवर सांगते. पण त्यानं हट्टच धरला. शेवटी तपासायच्या झडपेतून विजेरी टाकून बघितलं, तर काय! आमच्या एका टाक्यानं बरगडीबरोबर तारही आवळली होती. आम्ही दोन शहाण्यांनी विमानाची नस शिवून टाकली होती. दोरा हळूहळू तारेवर घासत बसला असता, आणि कधीतरी वर, वळायच्या वेळी, दांडा जागचा हलला नसता. वहिनी जमिनीवर बसली. म्हणाली, "तुम्ही दर वेळी तासभर फिरायचात विमानाभोवती. ते हे बघत होतात?"

"हेच. दुसरं काय बघणार?"

"मला वाटायचं, खेळतायत."

तो टाका कापला, पुन्हा घातला, आणि तिनं स्वतः इतक्या वेळा तार ओढली की दादालाच म्हणावं लागलं, पुरे आता, झिजेल.

चालवायचं कुणी, हा प्रश्न होता. क्लबात एक मास्तरीणबाई होत्या, पोरांना उडायला शिकवायच्या. उन्हानं रापलेला चेहरा, मोठ्यानं हसणं. दादाचा त्यांच्यावर विश्वास होता. त्या आनंदानं तयार झाल्या. तपासनिसानं सगळं बघून पसंती दिली. घरी चहा पिताना दादा म्हणाला, "चला, बाई उडवतील, कुणाला तरी देऊन टाकू मग. निदान चालू स्थितीत जाईल."

"बाई पहिली फेरी एकट्यानं मारतील ना? कायदा आहे तो," वहिनी म्हणाली. "आणि दुसऱ्या फेरीला मी बसणार."

दादाचा कप हातातच राहिला. "तू? माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवाय. ज्याचा हात लागला त्यानं आधी चढायचं, हे कोण सांगत होतं घरादाराला? माझ्या टाक्यांवर परक्या बाईला वर पाठवून मी खाली चहा पीत बसू?"

"पण एकानं..." दादा म्हणाला आणि थांबला.

"एक राहणारच आहे की खाली," वहिनी म्हणाली.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मास्तरीणबाई एकट्या वर गेल्या आणि दादा लहान पोरासारखा धावपट्टीच्या कडेनं चालायला लागला. मला आधी कळेना याला झालंय काय. मग उमगलं. त्यानं ते विमान बांधलं, वर्षानुवर्षं उडवलं, पण उडताना कधी बघितलंच नव्हतं. बघणार कसा? तो नेहमी आतच. "टाचणे, बघ, बघ! पोट किती पांढरं दिसतंय! वळतं किती सुंदर! मला वाटायचं आवाज मोठा असेल!" डोळ्यांवर हात धरून तो हसत होता. त्याचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

बाई उतरल्या. वहिनी चढली. दादानं तिचे पट्टे स्वतः आवळले, सोडले, पुन्हा आवळले.

"श्वास घेता येतोय?"

"येतोय हो. सरका आता, बाई खोळंबल्यात."

विमान गवतावरून धावलं, शेपूट उचललं, चाकं सुटली. झाडांच्या पलीकडे ते वळलं आणि दिसेनासं झालं. आवाज येत होता, मग तोही विरला.

"किती वेळ झाला?" दादानं विचारलं.

"आत्ता तर गेली."

"वारा फिरला का गं?"

"नाही."

"टाचणे, ती तार. आपण शेवटची कधी बघितली?"

"सकाळी. तू बघितलीस, तपासनिसांनी बघितली, बाईंनी बघितली."

त्यानं माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार. म्हटलं, दादा, औषध घेतलंस ना? त्याला ऐकू गेलं नाही. तो त्या झाडांकडे बघत होता, मग त्याला बघवेना, तो खाली गवतावर बसला. "तू बघ. दिसलं की सांग मला."

"दिसेल रे. येईलच."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "ती इतकी वर्षं हे करत होती?"

"हो."

"दर खेपेला?"

"हो, दादा. दर खेपेला."

"आणि मी खाली उतरून तिला नदी कशी चमकते ते सांगत बसायचो."

त्याला रडू फुटलं. साठी उलटलेला माणूस, गवतावर बसून हमसून हमसून रडला, आणि मी, एरवी जिची जीभ थांबत नाही ती मी, नुसती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी. तेवढ्यात आवाज आला. झाडांवरून ते पांढरं पोट दिसलं, खाली आलं, एक उडी मारली, आणि टेकलं. मी म्हटलं, "आली रे आली." माझाच जीव भांड्यात पडला.

वहिनी उतरली. केस पिंजारलेले, गाल लाल. दादाला बोलवेना, म्हणून मीच विचारलं, कसं वाटलं.

"छान," ती म्हणाली. "आपली बालवाडी दिसली. पत्रा गंजलाय, वरून बघितल्यावर कळतं." मग तिचं लक्ष दादाकडे गेलं. ती जवळ आली, रुमाल काढला, आणि पोरांचं पुसते तसं त्याचं तोंड पुसलं. "काय हे? आले ना मी परत?"

"तुला," दादा म्हणाला, "तुला कधी भीती नाही वाटली? इथे बसून?"

ती रुमालाची घडी घालत राहिली. मला वाटलं, आता पुन्हा म्हणेल, भीती कसली.

"दर वेळी वाटायची," ती म्हणाली. "बोलले असते तर तुम्ही वर गेला असतात?"

दादानं विचार केला. तो तिच्याशी कधी खोटं बोललेला मला आठवत नाही.

"नसतो गेलो."

"म्हणून नाही बोलले."